हेस्टरने कातरणी थांबवली

माझी बहीण ऍग्नेस गेल्या हिवाळ्यात गेली, म्हणून आता तोंड उघडते आहे. ती असती तर कुणी माझी जीभ हासडली असती तरी मी हे बोलले नसते. गोष्ट तिच्या मुलीची, हेस्टरची. हेस्टर माउन्सी आमच्या थॉर्नगिलच्या छोट्या इस्पितळात फिजिओ आहे, आणि मी, तिची विनी मावशी, त्याच इस्पितळाच्या दारात टेलिफोन घेत आणि लोकांच्या शिव्या खात बसते.

फिजिओ म्हटलं की लोकांना वाटतं, पाय वर करा, पाय खाली करा, झालं. हेस्टरचं काम तसलं नाही. हाडांचे सर्जन बसतात खिंडीपलीकडे, शहरात. पूर्वी आमच्या खोऱ्यातल्या माणसाचा गुडघा गेला की तो सर्जनची वाट बघत बसायचा, आणि त्याचा नंबर येईस्तोवर दुसराही गुडघा जायचा. आता सगळे गुडघे, खुबे, खांदे, पाठी आधी हेस्टरपुढे येतात. ती तपासते, स्कॅनला धाडते, स्कॅन स्वतः वाचते, सांध्यात सुई देते, कापायची गरज असेल तर सरळ सर्जनच्या यादीत नाव घालते. आणि गरज नसेल तर तोंडावर सांगते, ‘तुला ऑपरेशन नको, तुला वजन कमी करायला हवंय.’ हे फार कुणाला आवडत नाही.

सुरुवातीला म्हातारे माझ्या खिडकीशी यायचे. ‘विनी, खरा डॉक्टर कधी येणार गं?’

‘खरा डॉक्टर आला की तुझा खरा पाय दाखव,’ मी म्हणायचे. ‘तोवर हाच घेऊन आत जा.’

आत गेलेला माणूस बाहेर येताना गप्प असायचा. कारण हेस्टर आमच्यातलीच. माउन्सींच्या डोंगरावरच्या वाडीत वाढलेली, बर्फात अडलेली कोकरं ओढून काढलेली. आमच्याकडची माणसं दुखणं सांगत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. शेजारचा नॉर्मन रेल्फ खुबा पार झिजून हाडावर हाड घासत असताना आला आणि म्हणाला, ‘जरासं कुरकुरतंय.’ तिच्या हाताखाली टोबी नावाचा दक्षिणेकडचा तरुण फिजिओ आहे. गुणी पोरगा. तो बिचारा प्रत्येकाला विचारतो, दहापैकी किती दुखतं? सगळे म्हणतात, दोन. हेस्टर आकडे विचारतच नाही. ती विचारते, ‘दगडी कुंपणावरून कसा चढतोस? कुत्र्याला उचलून गाडीत कोण टाकतं? बूट कोण चढवतं?’ मग नॉर्मनची मान खाली जाते आणि तो म्हणतो, ‘बायको.’

पण पाठीचा पेशंट असला की ती एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही, आणि तो विचारण्याआधी बायकोला बाहेर माझ्याकडे पाठवते. लघवी नीट होते का? बसायच्या जागेला बधिरपणा आलाय का? चारचाकी बाईकवर बसलास तर सीट जाणवते ना? डोंगरासारखे बाप्ये लालेलाल होतात. तिला त्याचं काही नाही. कण्याच्या तळाशी नसांचा एक जुडगा असतो. मणक्यातली गादी फुटून त्यावर बसली की आधी खालची जाणीव जाते, लघवी जाते, मग पाय. काही तासांत मोकळं केलं तर माणूस वाचतो. उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. आमच्या पोस्टमनला तिने खोलीतूनच थेट शहरात रवाना केलं होतं. तो आजही चालत टपाल वाटतो आणि तिच्या दारात आला की टोपी काढतो.

आता तिच्या बापाकडे येते. जॉस माउन्सी, माझा मेव्हणा. मेंढ्यांच्या बाबतीत देवमाणूस आणि स्वतःच्या बाबतीत निव्वळ दगड. त्या वर्षी वसंतात कोकरांच्या दिवसात त्याची पाठ धरली आणि कळ डाव्या पायात उतरली. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही, असा हेस्टरच्या कामाचा नियम. नियम नसता तरी काय फरक पडणार होता? ऍग्नेसने नुसतं हेस्टरचं नाव काढलं तर जॉस उसळून म्हणाला, ‘जिला मी बादलीत बसवून अंघोळ घातली तिच्यापुढे चड्डी उतरवू?’

शेवटी तो टोबीकडे आला. मी त्याला ओढत आणला म्हणा. टोबीने सगळं रीतसर केलं. पाठीला काय झालंय ते सांगितलं, व्यायाम दिले, आणि दोनदा बजावलं, ‘मिस्टर माउन्सी, लघवी अडली किंवा खाली बधिर झालं तर मिनिटभर थांबू नका. रात्र असो, दिवस असो, सरळ मोठ्या इस्पितळात.’ जॉसने मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाला, ‘पोरगं घाबरट आहे.’

हेस्टरने टोबीला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. पेशंटची गोष्ट पेशंटची. पण ती दर रविवारी घरी जेवायला जायची आणि बाप टेबलावरून कसा उठतो ते बघायची. मी समोर बसलेली असायचे. बाप हातांनी टेबल रेटून उठला की तिचा घास तोंडातच राहायचा. एकदा ती म्हणाली, ‘बाबा, टोबीला परत भेटा.’

‘तू बटाटे वाढ,’ जॉस म्हणाला.

मग जुलै आला आणि कातरणी आली. आमच्याकडे मेंढ्यांची लोकर कुणी एकटा कातरत नाही. एकेका वाडीचा दिवस ठरतो आणि खोऱ्यातले सगळे त्या वाडीवर येतात. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे. पैसे कुणी देत नाही, घेत नाही. जेवण मात्र असं द्यायचं की माणूस वर्षभर नाव काढेल. आणि ज्याची कातरणी त्याने शेवटची मेंढी सुटेपर्यंत खळ्यात, म्हणजे आमच्या छपराच्या कोठारात, उभं राहायचं. बाप मेल्यावर पुरणं दुसऱ्या दिवशी ठेवून कातरणी पुरी केलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात, मेले.

त्या वर्षी पाऊस काही सुटेना. ओली लोकर कातरता येत नाही. जॉसचा दिवस दोनदा पुढे गेला. शेवटी एक कोरडा दिवस मिळाला आणि झाडून सगळे आले. मी आणि ऍग्नेस पहाटेपासून चुलीपुढे. मटण आणि बटाट्याचं भलंमोठं भांडं, हॅम, आल्याचा केक, चहाच्या किटल्या. हेस्टर सुट्टी काढून आली होती. जॉसला वाकून कातरणं जमणार नव्हतं, म्हणून तो टेबलाशी उभा राहून लोकरीच्या घड्या करत होता. तेवढ्यानेच त्याचा अर्धा जीव गेला होता. आपल्या कातरणीत आपण घड्या करायच्या, ते काम बायकांचं आणि पोरांचं.

खळ्यात कातरायच्या मशीनी चालवणाऱ्या मोटरची घरघर, मशीनची दातेरी करकर, मेंढ्यांचा गलका. नॉर्मन नवा खुबा घेऊन तिशीतल्या पोरांच्या बरोबरीने कातरत होता आणि वर त्यांना टोमणे मारत होता. ‘अरे, लोकर काढ, कातडं नको! तिला परत डोंगरावर जायचंय!’

जेवण झालं. बाप्ये एकेक करून भिंतीमागे जाऊन आले. दुपारचा चहा झाला, परत गेले. मी किटली घेऊन फिरत होते, मला कशाला ते लक्षात येतंय? हेस्टरच्या आलं. ती माझ्याजवळ आली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

‘मावशी, बाबा सकाळपासून एकदाही गेलेले नाहीत.’

‘घाम जातोय त्यांचा. उकडतंय किती!’

‘इतका चहा प्यालेत. आणि पाय बघ.’

मी बघितलं. जॉस लोकर घेऊन वळला आणि डाव्या पायाचं बोट जमिनीला घासत गेलं. 

ती त्याला खळ्याच्या दाराआड घेऊन गेली. मी किटली हातात धरून तिथेच उभी राहिले. ऐकू नये असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

‘बाबा, लघवी झाली का आज?’

‘हे काय बोलणं आहे?’

‘झाली का?’

‘हेस्टर, माणसं आहेत.’

‘खाली बधिर वाटतंय का? खरं सांगा.’

‘माझ्या कातरणीत तुझा दवाखाना नको,’ जॉस दात खाऊन म्हणाला. ‘संध्याकाळी बघू. शेवटची मेंढी सुटली की तू म्हणशील तिथे येतो. शब्द देतो.’

‘संध्याकाळपर्यंत पाय जातील, बाबा.’

‘मग संध्याकाळी जातील!’ म्हणून तो वळला आणि आत जाताना उंबऱ्याला अडखळून पुढच्या पुढे टेबलावर पडला. हसत उठला. कुणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्यांनी माना फिरवल्या. आमच्याकडे त्याला सभ्यपणा म्हणतात.

हेस्टर सरळ मोटरपाशी गेली आणि तिने मोटर बंद केली.

मशीनी थांबल्या. नॉर्मनच्या गुडघ्यांत अर्धी कातरलेली मेंढी तशीच. सगळे बघायला लागले. माउन्सींच्या खळ्यात कातरणी मध्येच थांबली, हे कुणाच्या आज्यानेही पाहिलं नव्हतं.

‘माझ्या बाबांना सकाळपासून लघवी झालेली नाही,’ हेस्टर मोठ्याने म्हणाली. ‘त्यांच्या कण्यातल्या नसा दबल्यात. त्यांना आत्ता उचलून माझ्या गाडीत आडवं करायचंय. नॉर्मन, तू डोकं धर.’

जॉसचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. भर बाजारात कपडे काढले असते तर माणूस असा दिसला असता. त्याने कुणाच्या हाताला विरोध केला नाही. पोती टाकली, त्यावर त्याला निजवला. एवढंच म्हणाला, ‘त्या मेंढीचं पुरं करून घे, नॉर्मन.’

ऍग्नेस स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. ती पुढे आलीच नाही. मी ओरडले, ‘अगं, चल की!’ तर ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. मला तेव्हा तिचा इतका राग आला! नवरा जातोय आणि ही भांडी घासते. मी गाडीत मागे बसले.

हेस्टर गाडी हाकता हाकता फोनवर बोलत होती. अँब्युलन्सची वाट बघत बसली असती तर आणखी वेळ गेला असता, हे तिला माहीत होतं. तिने थेट कण्याच्या सर्जनला गाठलं. रोज त्याच्याकडे माणसं पाठवणारी ती. आवाज इतका थंड की मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या बापाबद्दल बोलते आहे. आम्ही पोचलो तेव्हा स्कॅनचं यंत्र रिकामं करून ठेवलं होतं.

सर्जनने जॉसला विचारलं, ‘हे केव्हापासून?’

‘दुपारपासून,’ जॉस म्हणाला.

हेस्टरने त्याच्याकडे बघितलं आणि ती सर्जनला म्हणाली, ‘पहाटेपासून धरा.’

त्याच संध्याकाळी पाठ उघडली. सर्जनने जे करायचं ते सगळं केलं. उजवा पाय थोडासा आला. डावा आला नाही. लघवीला नळी राहिली ती राहिलीच. ज्या माणसाने उभा जन्म डोंगर चढण्यात घातला तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत आला. मेंढ्या नॉर्मनने सांभाळायला घेतल्या. आणि जॉसने आपल्या मुलीशी बोलणं टाकलं.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. हेस्टर रविवारी यायची, तो खिडकीबाहेर बघायचा. मीठ हवं असलं तर मला म्हणायचा, ‘विनी, मीठ.’ मीठ हेस्टरच्या हाताशी असायचं. गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, पोरीने बापाचा जीव वाचवला. कुणी म्हणे, चारचौघांत बापाची अब्रू काढली, हळूच सांगता आलं नसतं का? एक बाई माझ्या खिडकीशी येऊन हे बोलली तेव्हा मी तिला तिच्या गुडघ्यासकट बाहेर काढली. त्याबद्दल मला वरून समज मिळाली. मिळू दे.

हेस्टर कामावर येत राहिली. वाळली. जेवणाच्या सुट्टीत सँडविच पुढ्यात ठेवून बसायची आणि मग ते आवारातल्या कुत्र्याला द्यायची. मी एकदा म्हणाले, ‘रड की गं जरा.’ तर म्हणाली, ‘मावशी, मी सकाळपासून तिथे होते. सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे होते बाबा. मला दुपार का लागली?’ मी तिला जवळ घेतली. ती लाकडासारखी उभी राहिली.

पण एक बदल झाला. बाप्ये बोलायला लागले. एकजण तर माझ्या खिडकीशीच, भरल्या बाकांपुढे, म्हणाला, ‘विनी, मला खाली काही कळत नाहीये, हेस्टरला सांग.’ जॉस माउन्सीची खुर्ची सगळ्यांनी पाहिली होती. त्या एका वर्षात हेस्टरने दोघांना वेळेवर शहरात धाडलं. दोघेही चालतात. मला त्यांचा आनंद व्हायला हवा. मला त्यांना बघून चीड येते, आता काय करू?

पुढच्या जुलैत परत कातरणीचा दिवस आला. माणसं आली, नॉर्मनने सगळं हाती घेतलं. हेस्टरला कुणी ये म्हटलं नाही, तरी ती आली. मी मागच्या पडवीत बटाटे सोलत होते, मधलं दार उघडं होतं. ऍग्नेस खळ्यात चहा घेऊन गेली होती. स्वयंपाकघरात बाप आणि लेक दोघंच. बाहेर मोटर सुरू झाली.

आणि जॉस बोलला. वर्षभरात तिच्याशी पहिल्यांदा.

‘हेस्टर, एक विचारतो. माझ्याशी डॉक्टरीण म्हणून बोल.’

‘बोला.’

‘पहाटे उठलो तेव्हाच गेलं होतं सगळं. तेव्हाच निघालो असतो तर चाललो असतो?’

माझ्या हातातली सुरी थांबली.  मी मनात म्हणत होते, नाही म्हण, पोरी, नाही म्हण.

‘हो, बाबा,’ ती म्हणाली. ‘बहुतेक चालला असतात.’

‘वाटलंच मला. म्हणून विचारत नव्हतो.’ जॉस म्हणाला. ‘वर्षभर तुझ्याकडे बघितलं नाही ते रागाने नाही. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं.’

मग ती रडायला लागली, इतके दिवस साठलेलं. तो म्हणाला, ‘थांब, अजून आहे. मी सांगितलं होतं. पहाटे, तुझ्या आईला. म्हटलं, खाली काही लागत नाहीये, तो टोबी म्हणाला होता तसं झालंय. ती म्हणाली, जॉस, माणसं निघालीसुद्धा असतील, मटण चुलीवर आहे, कातरणी होऊ दे, मग संध्याकाळी जाऊ. मलाही तेच हवं होतं. तिचा दोष नाही. पण तिने मला एकदाही विचारलं नाही, आणि रात्री झोपत नाही. मी चाललो असतो, हे तिला कधी कळू द्यायचं नाही, हेस्टर.’

मला तेव्हा त्या भांड्यांचा अर्थ कळला, आणि मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात ऍग्नेस रिकाम्या किटल्या घेऊन आत आली. नवऱ्याला आणि मुलीला समोरासमोर बसलेले बघून दारातच थबकली. ‘काय झालं?’

‘काही नाही,’ जॉस म्हणाला. ‘पोरीला विचारत होतो. ती म्हणते, पहाटेच गेलो असतो तरी हेच झालं असतं.’

ऍग्नेसने हेस्टरकडे बघितलं. मी दारातून सगळं बघत होते. हेस्टर, जी आपल्या पेशंटशी कधी एक अक्षर खोटं बोलली नाही, तिने आईच्या डोळ्यांत बघितलं.

‘हो, आई. काहीच फरक पडला नसता.’

‘खरं?’

‘मी स्कॅन बघितलाय, आई.’

ऍग्नेसच्या हातातून किटल्या खाली पडल्या. ती जॉसच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि त्याच्या निर्जीव पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. जॉस तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. हेस्टरने किटल्या उचलल्या, धुतल्या, परत भरल्या आणि खळ्यात चहा घेऊन गेली.